अननसाचे भाऊबंद काचेच्या पेटीत



अननस तुम्हां सर्वांच्या ओळखीचा आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात तो अमेरिका खंडातून आपल्या किनाऱ्यावर आणला आणि कोकणात, गोव्यात तो घरचाच होऊन गेला. पण या अननसाचे भाऊबंद किती आहेत, ठाऊक आहे? तीन हजारांहून अधिक जाती! या कुळातल्या झाडांना ब्रोमेलियाड म्हणतात. पश्चिम आफ्रिकेतली एक जात सोडली, तर बाकी सारे गोत अमेरिका खंडातले. हल्ली शहरांतल्या रोपवाटिकांत ही झाडे मिळतात, आणि काचेच्या पेटीत लहानसे रान उभे करणारे हौशी लोक ती आवडीने लावतात. अशा पेटीला टेरेरियम असे नाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, आम्हां शेतकऱ्यांना आणि शाळामास्तरांना या परदेशी शोभेच्या झाडांचे काय करायचे? याचे उत्तर मुळशीच्या डोंगरात आहे. तिथे आपण जाऊच. पण आधी झाडाची ओळख करून घेऊ.

ब्रोमेलियाडच्या बऱ्याच जाती जमिनीत न वाढता मोठ्या झाडांच्या फांद्यांवर बसून राहतात. मुळे फांदीला घट्ट धरून ठेवण्यापुरती. मग पाणी कोठून मिळते? पुष्कळ जातींत पाने बुडाशी एकमेकांत अशी गुंफलेली असतात, की मध्ये एक पेला तयार होतो. पावसाचे पाणी त्यात साठते, पालापाचोळा पडून कुजतो, आणि पानांवरचे बारीक खवले ते पाणी व खत शोषून घेतात. अमेरिकेतल्या काही बेडक्यांची पिले तर या पेल्यातच वाढतात. ज्या फांदीवर झाड बसले, तिच्या रसाला मात्र ते तोंड लावीत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पेटी. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिअल वॉर्ड यांनी १८२९ साली एका बंद बाटलीत ओल्या मातीवर पतंगाचा कोश ठेवला होता. कोशापेक्षा त्यांचे लक्ष वेधले ते मातीतून आपोआप उगवलेल्या नेच्याने आणि गवताने. आतली वाफ काचेला लागून पुन्हा खाली उतरत होती. बाहेरून पाणी घालावे लागत नव्हते. पुढे अशाच काचपेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४८ ते १८५१ या काळात चीनमधून चहाची हजारो रोपे हिंदुस्थानात हिमालयाच्या पायथ्याशी आणली. म्हणजे ही पेटी आपल्या चहाच्या पेल्यापर्यंत पोचलेली आहे!

शाळेत अशी पेटी करणे अवघड नाही. जुनी मत्स्यपेटी किंवा रुंद तोंडाची मोठी बरणी घ्या. तळाशी बोटभर खडे, त्यावर कोळशाचे तुकडे, आणि वर धुऊन घेतलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे व थोडा पालापाचोळा. शेणखत घालू नका. एक वाळकी, खडबडीत फांदी तिरपी उभी करा आणि लहान जातीचा ब्रोमेलियाड तिच्यावर सुतळीने बांधा. मातीत खोल पुरला तर बूड कुजते. झाकण थोडे उघडे असू द्या, वारा खेळला पाहिजे. पेटी उजेडात ठेवा, पण उन्हात नको. उन्हात काच तापली की आतले झाड शिजून निघते. पाणी पावसाचे असेल तर उत्तम, आणि ते पेल्यात थोडेसे घालायचे, मुळाशी चिखल करायचा नाही.

बागाईतदारांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या झाडांना तांबे सोसत नाही. द्राक्षावर किंवा सुपारीवर मारायचे बोर्डो मिश्रण यांच्यावर चुकूनही उडवू नका, कारण त्यात मोरचूद असते. बांधायला तांब्याची तारही वापरू नका.

आता वाढ कशी करायची? केळीचे आठवा. केळ एकदाच व्याते. घड उतरला की तिचे आयुष्य सरते आणि बुडाशी फुटलेले मुनवे पुढे वंश चालवतात. ब्रोमेलियाडचेही बहुधा तसेच. एकदा फूल आले की मूळ झाड हळूहळू वाळू लागते. पण त्याआधी त्याच्या कुशीत पिले फुटतात. लोकांची घाई नडते ती इथे. बोटभर पिलू दिसले की ते उपटतात आणि मग ते मरते. पिलू आईच्या निदान तिसऱ्या हिश्श्याएवढे, जमल्यास निम्मे होऊ द्या. मग धारदार स्वच्छ सुरीने आईला लागून कापा, जखम एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, आणि ते हलणार नाही असे फांदीवर बांधा. मूळ धरायला महिना, कधी अधिकही लागतो. आईला लगेच फेकू नका. वाळता वाळता ती आणखी पिले देते.

ब्रोमेलियाड विकत घेणे परवडत नसेल, तर बाजारातल्या अननसाचा शेंडा पिळून काढा. खालची चार पाने सोलून तो दोन-तीन दिवस सुकवा आणि कुंडीत लावा. मुलांना या कुळाची ओळख होईल. झाड दीड-दोन वर्षांचे, पूर्ण वाढलेले झाले की आणखी एक प्रयोग करता येतो. त्याच्याजवळ एक पिकलेले सफरचंद ठेवून आठवडाभर वरून पिशवी झाका. पिकल्या फळातून इथिलीन वायू निघतो, आणि त्याने अननसाला फूल धरते. आढीतले आंबे एकमेकांना पिकवतात ते याच वायूने.

एक इशारा. पेल्यातले पाणी उघड्यावर राहिले तर त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. गावात आरोग्यसेवक आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायला सांगतात ना? त्याच दिवशी झाड उपडे करून पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी नवे भरा.

आता चला मुळशीला. वरसगाव धरणाच्या जलाशयाकाठी, दासवे गावाच्या परिसरात लवासा नावाचे गिरिनगर उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या नोटिशीने तिथले काम थांबले. वर्षभराने पहिल्या टप्प्याला अटींवर मंजुरी मिळाली. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. त्या वादात मी शिरत नाही. मी तुमचे लक्ष वेधतो ते त्या डोंगरांतल्या जुन्या झाडांच्या फांद्यांकडे. तिथे आपली आमरी बसलेली असते. अमेरिकेच्या रानात जी जागा ब्रोमेलियाडची, ती आपल्या सह्याद्रीत आमरीची. हिलाही फांदी लागते ती बसायला. तिच्या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. ते पावसाचे आणि धुक्याचे पाणी टिपते. डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची आमरी पाने झडलेल्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस धरते, ते ज्याने पाहिले तो विसरत नाही.

पण आपल्याकडे फांदीवर काही हिरवे दिसले, की सरसकट 'बांडगूळ' म्हणून कोयता चालवतात. बांडगूळ निराळे. ते फांदीत मूळ घुसवून रस पिते, आंबा खंगवते. ते काढलेच पाहिजे. आमरी नुसती बिऱ्हाडकरू आहे. फरक ओळखायला सोपा: बांडगुळाचे बूड फांदीच्या आत शिरलेले आणि तिथे गाठ आलेली असते, आमरीची पांढुरकी मुळे सालीवरून पसरलेली दिसतात. हा फरक मुलांना एकदा दाखवला, तर ते घरी जाऊन वडिलांचा कोयता थांबवतील.

दुसरा धोका हौसेचा. सहलीला आलेला माणूस आमरी ओरबाडून नेतो आणि शहरातल्या गॅलरीत ती वाळते. आमरीचे बी धुळीसारखे बारीक. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते, आणि फुलावर यायला कित्येक वर्षे लागतात. म्हणून रानातून काही आणू नका. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेला ब्रोमेलियाड घ्या, त्याची पिले वाढवा, शेजारच्या शाळेला द्या. एका झाडाची दोन-तीन वर्षांत चार-पाच झाडे होतात. मात्र वादळात तुमच्या स्वतःच्या बांधावरच्या आंब्याची फांदी मोडून आमरीसह खाली आली, तर ती कुजू देऊ नका. सुतळीने शाळेच्या आवारातल्या आंब्यावर सावलीच्या बाजूला बांधा. पावसाळा आहे तोवर ती मूळ धरील.

शिक्षक बंधुभगिनींनी येत्या पावसाळ्यात एवढे करावे: वर्गात एक काचपेटी मांडावी, आणि गावातल्या किती झाडांवर आमरी आहे, किती झाडांवर बांडगूळ, याची मुलांकडून वहीत नोंद करून घ्यावी. तीच वही दर वर्षी पुढच्या वर्गाकडे सोपवावी.