ट्रकचं लायसन्स आणि ऊसतोडीच्या बाया

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे महिला मेळाव्यात केलेले भाषण)

बायांनो, दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. ट्रकमध्ये खाली सरपण, भांडी, पिठाचे डबे, शेरडं. वर आपण, मांडीवर लेकरू. हे इतकं अंगवळणी पडलंय की यात कायदा मोडतो, हे मनातही येत नाही.

ट्रकचं लायसन्स साध्या गाडीसारखं नसतं. वय २० पूर्ण लागतं, आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन्स लागतं, डॉक्टरचा दाखला लागतो. आठवी पासची अट २०१९ साली निघाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९ प्रमाणे परिवहन अधिकारी ड्रायव्हरचं म्हणणं ऐकून, कारण लिहून, हे लायसन्स काही काळ थांबवू शकतो किंवा रद्द करू शकतो. ड्रायव्हर सराईत दारुडा असेल तर, गाडी वापरून दखलपात्र गुन्हा केला असेल तर. म्हणजे बाईला गाडीत घालून पळवलं, तर तेही यात आलं. अशा वेळी पोलिसांबरोबर परिवहन कार्यालयातही लेखी अर्ज द्यावा, हे आपल्या कार्यकर्त्यांनाही सुचत नाही.

याच कलमाला जोडलेल्या नियम २१ मध्ये मालट्रकमधून माणसं नेणंही आहे. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ साली राज्यांना कळवलं, की यासाठी किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा.

हे मी एका वस्तीवर सांगितलं, तर एका ड्रायव्हरची बायको उठली. "ताई, तीन महिने म्हंजे आमचा सीझनच गेला. माणसं भर म्हणतो मुकादम, अन् लायसन माझ्याच नवऱ्याचं का जातं?" मला उत्तर देता आलं नाही. कलम १९ ड्रायव्हरच्या लायसन्सपुरतं आहे, मुकादम आणि कारखाना त्यात येत नाहीत.

आणि गाडी उलटली तर? मालट्रकमधून नुसतं प्रवासी म्हणून जाणाऱ्याची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असं सुप्रीम कोर्टाने २००२ साली आशा राणी खटल्यात ठरवलं. मग दावा उरतो ड्रायव्हर आणि गाडीमालकावर. ट्रकच कर्जावर घेतलेला, तर वसुली कशातून होणार?

उचल बहुतेक घरी नवराच घेतो, पण कोयता दोघांचा असतो. तेव्हा उचल घेण्याआधी विचारा: जायला-यायला बस कोण देणार, तिचं भाडं आमच्या उचलीत तर धरणार नाही ना? हे कागदावर घ्या. एकीने विचारलं तर मुकादम दुसरा कोयता बघेल. म्हणून टोळीतल्या सगळ्या बायांनी एकाच दिवशी विचारायचं. अर्जाचा नमुना मी आणलाय, जाताना घेऊन जा.