शब्दांची कुटुंबे
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



परदेशात उच्च शिक्षण घेण्यासाठी अनेक विद्यार्थी जी.आर.ई. परीक्षा देतात. तिच्यासाठी लागणाऱ्या इंग्रजी शब्दसंपत्तीविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. आरंभीच एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याला मी कठीण शब्दांची यादी दिली आणि रोज तीस शब्द पाठ करायला सांगितले. मुलाने यादी तोंडपाठ केली, पण गुण पडले नाहीत. परीक्षेची फी घरच्यांनी कशी उभी केली, हे मला ठाऊक होते. दोष मुलाचा नव्हता. माझी पद्धत चुकली होती.

पूर्वी या परीक्षेत सुटा शब्द देऊन त्याचा विरुद्धार्थी शब्द विचारीत. २०११ साली ते प्रश्न बंद झाले. आता वाक्यातील गाळलेल्या जागा भराव्या लागतात. एका प्रकारात सहा शब्दांतून असे दोन निवडायचे असतात, की कोणताही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहावा. दोन्ही बरोबर आले तरच गुण. त्यामुळे एका शब्दाचा एकच अर्थ घोकून भागत नाही. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी हे आपण जाणतो. पण दंडात्मक निर्बंधालाही 'सँक्शन'च म्हणतात. 'फ्लॅग' म्हणजे झेंडा; क्रियापद झाले की तोच शब्द उत्साह ओसरणे दाखवितो. माझा विद्यार्थी अशाच सोप्या दिसणाऱ्या शब्दांवर अडला.

मग शब्द शिकावेत कसे? उत्तर आपल्या घरातच आहे. किताब, कातिब, मकतब, कुतुबखाना हे शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. क, त, ब या एकाच अरबी धातूची ही लेकरे. लॅटिनमधून आलेल्या इंग्रजी शब्दांचीही अशीच कुटुंबे आहेत. 'बेने' म्हणजे चांगले, 'मॅल' म्हणजे वाईट. म्हणून 'बेनेव्होलंट' म्हणजे भले चिंतणारा आणि 'मॅलेव्होलंट' म्हणजे वाईट चिंतणारा. मात्र सावध राहा: 'मॅलेट' म्हणजे लाकडी हातोडा, त्यात वाईट काही नाही! कुळावरून अंदाज बांधावा, खात्री वाक्यावरून करावी.

विद्यार्थी मित्रांनो, एक वही घाला. रोज दहाच शब्द लिहा. प्रत्येकाचे कुटुंब लिहा आणि स्वतःचे एक वाक्य करा. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून स्वतःची परीक्षा घ्या. वाचनालयात इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख रोज वाचा; त्याला पैसे पडत नाहीत. परीक्षेच्या आधी महिनाभर नव्हे, वर्षभर आधी सुरुवात करा.

आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, मुलांच्या हाती नुसती यादी देऊ नका. जी चूक मी केली ती आपल्याकडून होऊ नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.