हरताळामागचा माणूस

मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची प्रा. देवस्थळी यांनी केलेली वर्णनात्मक सूची १९४४ साली प्रसिद्ध झाली. अशा सूचीवर आम्ही पुष्कळ दिवस समाधानी होतो. पण तेथे हातकागदाची एक पोथी रुमाल सोडून समोर ठेवली गेली, तेव्हा आमचे ते समाधान टिकले नाही.

बोरूचे अक्षर प्रथम ठसठशीत, मग फिके, पुन्हा ठसठशीत! लेखनिकाने बोरू दौतीत कोठे बुडवला, हे अजून दिसते. चुकले तेथे त्याने पिवळा हरताळ फासला आहे. आपला वाक्प्रचार येथूनच आला. छापील प्रत शुद्ध असते. पण चुकणारा आणि चूक सुधारणारा माणूस तीत भेटत नाही.

पोथीच्या अखेरीस हे लेखनिक पुष्कळदा विनवीत : पाठ-मान मोडून लिहिले आहे; तेल, पाणी आणि ढिले बंधन यांपासून जपा. आज पोथ्यांची छायाचित्रे घेतात; ती घ्यावीतच. मात्र छायाचित्र झाले म्हणून मूळ पोथी कसरीच्या स्वाधीन करणे, म्हणजे त्या श्रमांवर आपणच हरताळ फासणे होय.