ग्रहणाच्या सकाळी माळावर

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी गिरणी कामगार. पुस्तकी विद्वान नव्हे. आज मी तुम्हाला २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणाची हकिगत सांगणार आहे. पण त्याआधी थोडं मागं जावं लागेल.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी ग्रहण लागलं की आपली माणसं गावात दान मागत फिरायची. दान द्या, गिराण सुटेल, अशी हाळी घालायची. का? तर राहू-केतू म्हणे आपल्याच जातीचे! सूर्य बाटवल्याचा डागसुद्धा आपल्याच माथी. मिळायचं काय, तर जुनी धडुती आणि मूठभर धान्य. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला आणि आपण ते मागणं सोडलं. पण ग्रहणाचं भय? ते मात्र उंबऱ्याच्या आत तसंच राहिलं.

माझ्याच घरचं सांगतो. २४ ऑक्टोबर १९९५ ला ग्रहण होतं. माझ्या पत्नीला सातवा महिना होता. आमच्या आईनं तिला कोपऱ्यात बसवलं. चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाणी प्यायचं नाही. मी बाहेर सभांमधून बुद्धिवाद सांगणारा, घरात तोंड मिटून बसलो. पुढं मुलगी झाली, ती फाटक्या ओठाची. जो येई तो विचारी, "ग्रहणात काय कापलंस गं?" त्या बाईनं तर बोटसुद्धा हलवलं नव्हतं! तेव्हाही मी गप्पच राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

पुढं डॉक्टरांनी समजावलं. बाळाचा ओठ जुळतो तो पोटातल्या पहिल्या दोन महिन्यांत. कधी अनुवंश असतो, कधी एखादं औषध, अशी अनेक कारणं असतात. सातव्या महिन्यातल्या सावलीचा त्याच्याशी काय संबंध? मुलीचं ऑपरेशन झालं, ओठ शिवला, ती शिकली, प्राणिशास्त्रात पदवीधर झाली.

तर २०१९ च्या त्या सकाळी हीच मुलगी विहारातल्या मुलांना घेऊन सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या माळरानावर गेली. सोबत आम्ही नवराबायको आणि वस्तीतली पाच महिन्यांची गरोदर एक सून.

माळ म्हणजे पडीक जमीन, असं मी समजत होतो. मुलीनं तो समज काढला. कुसळी गवत दाखवलं. त्याचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं आणि बी मातीत रुतवतं. गवतात चंडोल होते. माळढोक, काळवीट, लांडगा, खोकड, सगळ्यांचं घर हेच. माळढोकासाठी इथं १९७९ साली अभयारण्य झालं. पण आता तो पक्षी दिसणं फार दुर्मिळ.

आठच्या सुमारास ग्रहण लागलं. मुलांना खास चष्मे दिले होते. नुसत्या डोळ्यांनी किंवा एक्स-रेच्या फिल्ममधून सूर्याकडे पाहू नका, डोळे जातात. ग्रहणात जपायचं ते एवढंच. साडेनऊच्या सुमारास सूर्याचा पाऊण हिस्सा झाकला गेला. ऊन फिकं पडलं, गार वाटू लागलं. बोरीच्या झाडाखाली पाहतो तर पानांच्या फटींतून चंद्रकोरीसारख्या शेकडो कोरी जमिनीवर पडलेल्या! प्रत्येक फटीतून सूर्याचंच चित्र उमटत होतं. चंडोल जरा गप्प झाले. मी म्हटलं, "ग्रहणानं गप्प झाले." मुलगी म्हणाली, "बाबा, एकदा पाहून असं ठरवायचं नसतं." भगवंतांनी कालामांना केलेला उपदेश मी अनेकदा वाचला होता, पण त्या दिवशी तो पोरीकडून शिकलो.

जवळच एका धनगराच्या मेंढ्या चरत होत्या. त्यातली गाभण मेंढी सुद्धा खाली मान घालून गवत खात होती. धनगर हसून म्हणाला, "हिला कुठलं आलंय गिराण?"

तेवढ्यात माझ्या पत्नीनं पिशवीतून पेरू काढले आणि चाकूनं कापायला घेतले. मुलांना दिले. त्या सुनेलाही दिले. सून जरा थबकली. पत्नी म्हणाली, "खा बाई. मी न कापता बसले होते, त्यानं काय झालं?" सुनेनं खाल्लं. पुढं तिचं बाळंतपण सुखरूप झालं. पण बंधूंनो, ते पेरू खाल्ल्यामुळं झालं असंही मी म्हणणार नाही. नाहीतर तीही अंधश्रद्धाच!

चंद्र सूर्याच्या आड येतो म्हणून सूर्यग्रहण होतं, हे आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवलं. तरी दीड हजार वर्षं आपल्या बाया उपाशी बसतात. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे पुन्हा खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा असेल, ढगांमुळं दिसेल न दिसेल. पण त्या दिवशी आपल्या वस्तीतली एकही लेक, एकही सून कोपऱ्यात बसता कामा नये. आणि घरातल्या पुरुषांनो, माझ्यासारखे गप्प राहू नका. बावीस प्रतिज्ञा आपण विहारात म्हणतो, त्या स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या पाहिजेत.