माळव्यातील समुद्र आणि त्याचे माप

श्रोतेहो, धार आणि देवास या गावांचा समुद्राशी संबंध काय, असा प्रश्न आजचा विषय ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र तो विचारणार नाहीत. धार जिल्ह्यातील बाग परिसराच्या खडकांत शार्क माशांचे दात आणि सागरी जीवांची कवचे सापडतात. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र तेथवर आला होता. तो केव्हाच ओसरला. आज आपल्या दिवाणखान्यात ज्यांना सागरी मासे पाळावयाचे आहेत, त्यांना शुद्ध पाण्यात सागरी क्षारांचे विकतचे मिश्रण विरघळवून समुद्र घरीच करावा लागतो. मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर अरबी समुद्र होता. आपल्यासमोर केवळ नळ आहे, आणि त्याचाही भरवसा नाही.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारणतः ३५ ग्रॅम क्षार असतात. सागरी माशाच्या रक्तातील क्षार याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, म्हणून त्याच्या शरीरातले पाणी सतत बाहेर झिरपत असते आणि ते भरून काढण्यासाठी तो समुद्र पीत असतो. तारामाशाला तर एवढाही बचाव नाही. भोवतालचे पाणी जसे, तसा तो आतून होतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हौदातले पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. शंभर लिटरांतले पाच लिटर पाणी उडाले की ३५ चे जवळजवळ ३७ होतात. डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणून मापकाची गरज.

मापके मुख्यतः तीन प्रकारची. पहिले हायड्रोमीटर, दूधवाल्याच्या दुधात आपण जो लॅक्टोमीटर सोडतो, त्याचाच हा भाऊ. यांतील डुलत्या काट्याची प्लास्टिकची डबी सर्वांत स्वस्त म्हणून सर्वाधिक खपते. काट्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर तो वर उचलला जातो आणि क्षारांची पुटे चढली तर खाली बसतो. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा तारामासा अशाच डबीच्या भरवशावर चार दिवसांत गेला. डबी शेवटपर्यंत ‘सर्व ठीक’ असेच सांगत होती. काचेचे तरंगते हायड्रोमीटर पुष्कळ प्रामाणिक असते, पण ते ज्या तापमानासाठी आखलेले असते, त्याच तापमानाला. २५ अंशांसाठी आखलेली नळी ३२ अंशांच्या पाण्यात सोडली, तर ती हजारी सुमारे तीन भागांनी कमी दाखवील. तेव्हा थर्मामीटर आणि दुरुस्तीचा तक्ता जवळ हवाच.

दुसरे मापक विजेवर चालते व पाण्याची विद्युत्‌वाहकता मोजते. चांगले असेल तर उत्तम, पण महाग. घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी घेतलेला टीडीएस मीटर मात्र येथे चालत नाही. त्याची धाव सामान्यतः दहा हजारांच्या आत संपते, आणि समुद्र पस्तीस हजारांवर उभा आहे.

तिसरे रिफ्रॅक्टोमीटर, आणि माझा कौल त्यालाच. पाण्यात क्षार जितके अधिक, तितका प्रकाशकिरण अधिक वाकतो, एवढेच त्याचे तत्त्व. जर्मनीतील येना येथे एर्न्स्ट आबे यांनी १८७४ च्या सुमारास या जातीचे उपकरण सिद्ध केले. आजचे हातातले उपकरण दोन थेंब पाण्यावर काम करते. परंतु दुकानदार सांगतो त्याप्रमाणे शुद्ध पाण्याने शून्य जुळवून थांबू नये. पुष्कळशी उपकरणे साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असतात, आणि समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियमही असतात. समुद्राचे ३५ अशा उपकरणावर साडेछत्तीसच्या आसपास दिसतात. यावर उपाय आपल्या कोणत्याही शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि ऊर्ध्वपातित पाणी ९६३.५ ग्रॅम नीट तोलून एकत्र करा. हा द्रव प्रकाशाला नेमका ३५ च्या समुद्राइतकाच वाकवतो. त्याचे दोन थेंब ठेवून उपकरणाचा स्क्रू ३५ वर आणा. उपकरण कोणत्या देशाचे, किती किमतीचे, याला मग फारसे महत्त्व उरत नाही. ज्याची परीक्षा आपल्याला घरी घेता येत नाही असे मापक, पेटीवर काहीही छापलेले असो, मी घेणार नाही.

‘आपोआप तापमान-दुरुस्ती’ हे शब्दही पारखून घ्यावेत. ती बहुधा दहा ते तीस अंशांपर्यंतच चालते, आणि वैशाखातल्या दुपारी देवासची खोली तीस अंशांवर कधी थांबते? म्हणून मोजमाप पहाटे करावे, थेंब ठेवल्यावर अर्धा मिनिट थांबावे, आणि त्याच वेळी परीक्षेचा द्रवही तपासावा. शक्य असेल त्याने काचेचे हायड्रोमीटरही बाळगावे. एका गावात थोरली आणि धाकटी पाती १९४८ पर्यंत शेजारी शेजारी नांदवणाऱ्या देवासला, एका घरात दोन मापके जड जाऊ नयेत. दोघांत मतभेद दिसला, तर दोघांनाही त्या परीक्षेच्या द्रवासमोर उभे करावे. मात्र हायड्रोमीटरसाठी मिठाचे प्रमाण किंचित अधिक, किलोला सुमारे ३७.१ ग्रॅम, घ्यावे लागते.

हौदाच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी एक रेघ ओढून ठेवा. पाणी रेघेखाली गेले की साधे शुद्ध पाणी घाला, खारे नव्हे; आणि घातल्यावर तासाभराने पुन्हा दोन थेंब काचेवर ठेवून पाहा.