दुसऱ्या खोलीतील संगणक उत्तर का देत नाही?

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजचा विषय अध्यापनपद्धतीचा नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. तो आपल्या घरातील संगणकांचा आहे. तथापि यू-डायस प्लसची माहिती, शालार्थमधील वेतनदेयके, निकालपत्रके ही कामे शाळा सुटल्यावर, बहुधा रात्री घरी बसूनच उरकावी लागतात. यास्तव घरातील संगणक हा शाळेच्या दप्तराचाच एक भाग होऊन बसला आहे.

भूम-परंड्यापासून उमरगा-लोहाऱ्यापर्यंत शिक्षकांच्या घरी एकच मांडणी पुष्कळदा दृष्टीस पडते. आतल्या खोलीत टेबलावर जुना संगणक असतो. त्याला प्रिंटर जोडलेला असतो आणि चार-पाच वर्षांचे अभिलेख त्यातच साठलेले असतात. त्याच खोलीत दहावीचा मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असतो. मग गुरुजी किंवा बाई ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसतात आणि तेथूनच आतला संगणक चालवू पाहतात. या सोयीस रिमोट डेस्कटॉप म्हणतात. आतल्या पडद्याचे चित्र ओसरीवर येते आणि ओसरीवर दाबलेली कळ आत जाऊन पोचते. सोयीसाठी आपण आतल्या संगणकास यजमान म्हणू आणि ओसरीवरच्यास पाहुणा म्हणू.

ही सोय चालते तोवर फार सुखाची असते. ती बंद पडली, की घरात जे सुरू होते ते मी अनेकदा पाहिले आहे. कोणी राउटर बंद करून पुन्हा चालू करतो, कोणी फायरवॉल काढून टाकतो, कोणी संकेतशब्द बदलतो, कोणी ओळखीच्या दुकानदारास दूरध्वनी करतो, आणि हे सर्व अर्ध्या तासात. एवढे बदल एकदम केल्यावर जोडणी सुरू झाली तरी ती कशामुळे झाली हे कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात तीच गत होते. वर्गात आपण असे करीत नाही. मुलाची वजाबाकी चुकली तर तो हातच्यात चुकला, स्थानिक किंमतीत चुकला, की सात वजा चार यातच चुकला, हे आपण एकेक उदाहरण घालून शोधतो. संगणकाच्या बाबतीतही याच निदानाची गरज आहे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी आणि एकच बदलावी.

पहिले साधन म्हणजे पडद्यावर आलेला संदेश. तो इंग्रजीत असतो म्हणून आपण तो न वाचताच बंद करतो, ही आपली मोठी खोड आहे. कोणाच्या वाड्यावर गेलो असता दोन प्रकारे परतावे लागते. एक तर कितीही हाका मारल्या तरी आतून ओ येत नाही. नाहीतर दार किलकिले होते आणि “आपणांस ओळखत नाही” असे उत्तर मिळते. यजमानावर दूरस्थ प्रवेश सुरू नाही, तो बंद आहे किंवा जाळ्यावर सापडत नाही, अशी तीन कारणे सांगणारा संदेश आला, तर ओ आलेली नाही असे समजावे. नाव अथवा संकेतशब्द जुळत नाही असा संदेश आला, तर आपण दारापर्यंत सुखरूप पोचलो आहोत. तेथे राउटरला हात लावण्याचे कारण नाही. हा एक भेद ध्यानात ठेवला तरी निम्मे श्रम वाचतात.

ओ येत नसेल, तर प्रथम यजमानापाशी उठून जावे. घर आपलेच आहे, आणि दहा पावले चालण्याने जे कळते ते ओसरीवर तासभर बसून कळत नाही. यजमान निद्रावस्थेत गेला असेल तर तो हाकेला उत्तर देणार नाही. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये त्याची झोप बंद करावी. नंतर सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि त्यात अबाउट उघडून विंडोजची आवृत्ती पाहावी. तेथे ‘होम’ असे लिहिले असेल तर शोध तेथेच संपला. होम आवृत्तीचा संगणक पाहुणा होऊ शकतो. यजमान होण्याची सोय त्यात दिलेली नाही. त्यासाठी प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ आवृत्ती लागते. बाजारातील पुष्कळ लॅपटॉप होम आवृत्तीचेच असतात, आणि ही गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो. आवृत्ती योग्य असेल, तर त्याच सिस्टीम विभागात रिमोट डेस्कटॉपची कळ चालू आहे काय, ते पाहावे.

यानंतर पत्ता. आपल्या जिल्ह्यात नव्या शिक्षकास सर्वाधिक चकवा येथेच बसतो, आणि त्याचे मूळ आपल्या विजेत आहे. घरातील प्रत्येक यंत्राला राउटर एक आयपी पत्ता देतो. बहुधा तो १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. हा पत्ता कायमचा नसतो, काही मुदतीपुरता असतो. वीज गेली, राउटर बंद पडला, वीज आल्यावर सर्व यंत्रे पुन्हा जागी झाली, की काल लॅपटॉपकडे असलेला पत्ता आज मुलाच्या मोबाइलकडे जाऊ शकतो. आपण मात्र वहीत लिहिलेल्या जुन्या पत्त्यावरच हाका मारीत बसतो. यजमानावर कमांड प्रॉम्प्ट ही काळी खिडकी उघडून तीत आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत टंकावा, म्हणजे आजचा पत्ता दिसतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. तार किंवा वायफाय तपासावे. पत्ता वारंवार बदलत असेल, तर राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. राउटर बसविणाऱ्याकडून हे काम एकदाच करून घ्यावे.

दोन्ही संगणक एकाच जाळ्यावर आहेत काय, हेही येथेच पाहावे. आतला संगणक घरच्या फायबरवर आणि ओसरीवरचा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, असा प्रकार नेहमी घडतो, कारण ओसरीवर वायफाय क्षीण होते आणि लॅपटॉप आपणहून मोबाइलला जाऊन चिकटतो. इंटरनेट दोन्हीकडे चालू असते, म्हणून संशयही येत नाही. पाहुण्यांसाठीचे निराळे ‘गेस्ट’ वायफाय असेल, तर त्यावरील यंत्रांना घरातील इतर यंत्रे सहसा दिसतच नाहीत.

पत्ता बरोबर असून ओ येत नसेल, तर पिंग हा शब्द आणि पत्ता टंकून पाहावे. प्रथम राउटरला पिंग करावे, मग यजमानाला. राउटरकडूनही उत्तर येत नसेल, तर दोष ओसरीवरच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. येथे एक सावधगिरी सांगतो. यजमानाकडून पिंगचे उत्तर आले नाही, म्हणून तो मेला असे ठरवू नये. विंडोजची फायरवॉल पुष्कळदा पिंगला मुद्दाम उत्तर देत नाही. घरचे जाळे ‘पब्लिक’ म्हणून नोंदले गेले असेल, तर ती अधिकच कडक होते; घरच्या जाळ्यास ‘प्रायव्हेट’ करावे. फायरवॉल संपूर्ण काढून टाकणे हा उपाय नव्हे. तिच्या यादीत रिमोट डेस्कटॉप या नावापुढे खूण करावी, एवढेच पुरे. ही सेवा ३३८९ क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसलेली असते, आणि तेवढेच दार उघडावयाचे असते.

आता दुसरा प्रकार, म्हणजे दार किलकिले झाले पण ओळख पटली नाही. ज्या खात्यास संकेतशब्दच नाही, त्यास विंडोज दुरून आत घेत नाही. घरचा संगणक म्हणून आपण संकेतशब्द ठेवत नाही, आणि नेमके तेच आड येते. चार अंकी पिन हाही दूरस्थ प्रवेशास उपयोगी पडत नाही; खात्याचा खरा संकेतशब्द द्यावा लागतो. वर्ष-वर्ष पिनवरच काम केलेले असेल, तर यजमानासमोर बसून एकदा पूर्ण संकेतशब्दाने प्रवेश करावा आणि मग ओसरीवरून प्रयत्न करावा.

एक दोष असा आहे, की त्याची कोणास कल्पना येत नाही. जुन्या संगणकातील नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग तारीख-वेळ जुळत नाही असा संदेश येऊन जोडणी नाकारली जाते. सेल थोडक्या पैशांत मिळतो. आणि ओसरीवरून जोडणी झाल्यावर आतल्या पडद्यावर कुलूप पडते, तो मात्र दोष नव्हे. एका वेळी एकालाच बसता येईल, अशीच ती व्यवस्था आहे.

येथवर सांगितले ते घरातल्या घरात. “शाळेतूनही घरचा संगणक चालविता येईल काय?” असे पुष्कळजण विचारतात. येईल, पण त्यासाठी राउटरमध्ये ३३८९ चे दार थेट जगाकडे उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशी दारे शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. मे २०१९ मध्ये याच सेवेत ‘ब्लूकीप’ नावाने ओळखला गेलेला दोष सापडला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने कधीच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. इतका तो गंभीर होता. विंडोज १० ची नियमित दुरुस्तीही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, आणि आपल्या घरांत ती अजून पुष्कळ आहे. बाहेरून येणे अगदीच आवश्यक असेल, तर जाणकाराकडून व्हीपीएनची बंदिस्त वाट करून घ्यावी. नाहीतर काम संध्याकाळपर्यंत थांबू शकते.

दूरध्वनीवर “मी जोडून देतो, हे ॲप घाला आणि आकडा सांगा” असे म्हणणाऱ्या अपरिचितासही हेच लागू आहे. दाखल-खारीज नोंदवही आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो. वाटेवरच्या माणसाने मागितली तर देणार नाही. त्या संगणकात त्याच मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि शिष्यवृत्तीची बँकखाती आहेत. पालकांनी ती आपल्या भरवशावर दिली आहेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष जपणूक सांगितली आहे. जोडणी चार दिवस बंद राहिली तर आपणांस आतल्या खोलीत जाऊन बसावे लागेल, इतकेच. ही माहिती एकदा बाहेर गेली, तर ती परत आणणारा कोणी तंत्रज्ञ नाही.

शेजारच्या वर्गात दोन संगणक एका राउटरवर जोडून ठेवले आहेत. यजमानात तीन दोष मुद्दाम घालून ठेवले आहेत. कोणते, ते केंद्रप्रमुखांनाही सांगितलेले नाही. चहानंतर चार-चार जणांच्या गटाने जावे. काय पाहिले, काय बदलले आणि त्यावर कोणता संदेश आला, हे ओळीने वहीत लिहावे, आणि पुढच्या गटासाठी दोष पूर्ववत घालून बाहेर यावे.