धसकटाची जखम
(पारनेर येथील बैठकीतील भाषण)



भाव आणि पाणी सोडून आज गळवांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू आले. हसा. पण ज्वारी काढताना धसकट घुसले नाही, कापूस वेचताना बोंडाच्या टोकाने बोट फाटले नाही, असा एक तरी हात इथे वर होईल का?

त्या चिरेतून जंतू आत शिरतात. ते बाहेरून येतातच असे नाही, आपल्याच कातडीवर आणि नाकात बसलेले असतात. केसाच्या मुळाशी गेले की केसतूड, नखाशी नखुरडे, काखेत काखमांजरी. पोरांच्या नाकाखाली मधासारख्या पिवळ्या खपल्या धरतात, तेही त्यांचेच काम. एकाच टॉवेलाने सगळ्या पोरांची तोंडे पुसली की घरभर होते.

जखम लगेच साबण-पाण्याने धुवावी, धनुर्वाताची सुई घ्यावी. धुणे-बांधणे हे काही मोठ्या शहराचे काम नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली काम सुरू केले आणि पुढे खेड्यातल्या निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले. लहान करटाला ऊन पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकावे, पिळू मात्र नये. बिब्बा, चुना लावू नये. कातडी भाजते आणि जंतूला आणखी एक दार मिळते. मोठे गळू पिकले की डॉक्टरांकडून चीर देऊन पू काढणे हाच इलाज. पुवाच्या पिशवीत औषध नीट पोचत नाही. आपल्याला मात्र सुई टोचली की समाधान, आणि चिरायचे म्हटले की घाम!

तांबडी, गरम सूज पसरत जाते, ते धावरे. जांघेत अवधाण येते, थंडी वाजून ताप भरतो. तांबडेपणाच्या कडेने पेनाने रेघ ओढा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध चालू असूनही सूज रेघेपुढे गेली, तर रात्र काढू नका.

आमच्यातल्याच एका कार्यकर्त्याला ऐन काढणीत धसकट लागले. हळद दाबली, काम चालू. दुखले तेव्हा दुकानातून गोळ्या आणल्या, दोन दिवस खाल्ल्या, उतार पडला, बंद केल्या. पुढे बोटे काळी पडली. नगरला नेल्यावर कळले, अंगात साखर आहे. दोन बोटे गेली. उत्पादन खर्चात मजुरी धरा म्हणून आम्ही भांडतो. ही बोटे कोणत्या रकान्यात धरायची?

1941 साली इंग्लंडात ऑक्सफर्डला एका पोलीस शिपायाच्या तोंडावरची जखम चिघळली होती. त्याला नवे पेनिसिलीन टोचले. तो सुधारला, पण औषध संपले आणि तो गेला. त्यांच्याकडे औषध उरले नव्हते. आम्ही पुडीत गोळ्या असताना थांबतो! 1954 साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला. आज गळवाचे बहुतेक जंतू साध्या पेनिसिलीनला दाद देत नाहीत. म्हणून डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले तर पाच दिवस घ्या, मनाने गोळी बदलू नका.

सरकारी दवाखान्यात 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. तेव्हा केसपेपरचे निमित्त नको. ज्यांना वरचेवर गळवे होतात किंवा पायाची जखम भरत नाही, त्यांनी सभा संपल्यावर थांबावे. उद्या सकाळी साखर तपासायला सगळे मिळून जाऊ, आम्हीही येतो.